दोन अंतरांची शर्यत

शर्यत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शंभर मीटरचे मैदान येते. इशारा होतो, धावपटू सुटतात आणि दहा-बारा सेकंदांत निकाल लागतो. पण काही शर्यती अशा असतात की त्या काही तास, काही दिवस, क्वचित काही आठवडेही चालतात. त्यांत वेगापेक्षा दमसास मोठा ठरतो. अशा शर्यतींना 'सहनशक्तीच्या शर्यती' म्हणतात. ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन ही त्यांतली सर्वांत परिचित. त्याहून लांब पल्ल्याच्या धावण्याच्या, सायकलच्या, पोहण्याच्या शर्यतीही जगभर होतात.

या शर्यतींचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांतल्या कित्येक आपल्या गावी होत नाहीत. त्यांच्यासाठी दूर जावे लागते. म्हणजे स्पर्धकाला दोन अंतरे पार करावी लागतात. एक, घरापासून आरंभरेषेपर्यंतचे. आणि दुसरे, आरंभरेषेपासून अंतिम रेषेपर्यंतचे. दुसऱ्या अंतराची चर्चा वर्तमानपत्रांत होते. पहिल्या अंतराकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि तेथेच अनेकांची शर्यत बिघडते. या पाठात आपण ही दोन्ही अंतरे समजून घेऊ. त्यासाठी प्रथम शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रवास पाहू, आणि मग कावेरीच्या काठावरील कुंभकोणम गावातून आज असा प्रवास करायचा झाल्यास काय काय विचारात घ्यावे लागेल, ते पाहू.

बेळगाव ते अँटवर्प

पुण्यातील डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. उद्योगपती सर दोराबजी टाटा या संस्थेचे अध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धानंतर जिमखान्याने भरवलेल्या क्रीडास्पर्धांत त्यांनी एक गोष्ट पाहिली. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली तरुण मुले अनवाणी धावत होती. त्यांना आधुनिक स्पर्धेचे नियम ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध शिक्षण तर नव्हतेच. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्यांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. ही मुले ऑलिंपिकमध्ये का उतरू नयेत, असा प्रश्न दोराबजींना पडला.

त्या प्रश्नातून १९२० साली भारताचा पहिला संघ ऑलिंपिकसाठी बेल्जियममधील अँटवर्प शहरी गेला. पुण्यात चाचणी स्पर्धा घेऊन सहा जण निवडले गेले. फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू. तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला.

यांतले फडेप्पा दरेप्पा चौगुले बेळगावचे. आजच्या प्रवाशाला त्यांच्या वाटचालीची कल्पना करणेही कठीण आहे. विमानसेवा नव्हती. मुंबईहून युरोपला जहाजाने जावे लागे आणि त्यात आठवड्यांमागून आठवडे जात. रोज मोकळ्या रस्त्यावर मैलोन्‌मैल धावणाऱ्या माणसाला जहाजाच्या डेकवर कितीसे धावता येणार? अन्न वेगळे, हवा वेगळी, भाषा वेगळी. इंग्लंडमध्ये काही काळ सराव करून हा संघ अँटवर्पला पोहोचला.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. त्या दिवशी हवा गार व पावसाळी होती. शिवाय त्या वेळचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन होय. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले.

एकोणिसावा क्रमांक ऐकून कोणी नाक मुरडील. पण पहिले अंतर लक्षात घेतले म्हणजे या क्रमांकाचा अर्थ बदलतो. बेळगावच्या हवेत घडलेले शरीर समुद्रापलीकडच्या गारठ्यात, अनोळखी रस्त्यावर आणि प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरले, आणि तरी अठरा जण वगळता सर्वांच्या पुढे राहिले. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. या संघटनेच्या पायाशी त्या सहा जणांचा प्रवास आहे.

शरीराचे कोठार

दूरच्या प्रवासाचा शरीरावर काय परिणाम होतो हे कळण्यासाठी, लांब धावताना शरीरात काय घडते ते आधी पाहिले पाहिजे.

आपण खाल्लेल्या भात, भाकरी, बटाटे यांसारख्या पिष्टमय पदार्थांपासून मिळणारी साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. हे जणू शरीराचे धान्याचे कोठार. मात्र हे कोठार लहान असते. त्यातून साधारणपणे २,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. धावताना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतील. हिशेब सरळ आहे: कोठार अंतिम रेषेच्या आधीच रिकामे होणार. म्हणूनच ३० किलोमीटरच्या पुढे अनेकांचे पाय एकाएकी जड होतात आणि पुढे भिंत उभी राहिल्यासारखे वाटते.

शरीरात चरबीचाही साठा असतो, आणि तो पुष्कळ मोठा असतो. परंतु चरबीपासून ऊर्जा हळूहळू मिळते. दीर्घकाळच्या सरावाने शरीर चरबी अधिक प्रमाणात वापरण्यास शिकते आणि कोठारातली साखर पुरवून वापरते. दमसास वाढतो म्हणजे बऱ्याच अंशी हेच घडते. त्यासाठी महिने लागतात. आठवड्याभरात तो वाढत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. धावताना स्नायूंत उष्णता निर्माण होते. घाम वाळताना ती उष्णता बाहेर नेतो. उष्ण हवेत धावणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो. घामाबरोबर मीठही जाते. पाणी कमी पडले तर धोका असतोच. पण तासन्‌तास नुसते पाणीच भरमसाट पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घसरते आणि तेही जिवावर बेतू शकते. म्हणून तहानेच्या प्रमाणात पिणे आणि पाण्याबरोबर मीठ-साखर घेणे, हा लांब पल्ल्याचा नियम आहे.

कुंभकोणमहून निघताना

आता आपण कुंभकोणमला येऊ. तंजावरला सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांचे राज्य स्थापन झाले. तेव्हापासून तंजावर आणि कुंभकोणमच्या परिसरात मराठी बोलणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. समजा, अशाच एखाद्या घरातील तरुणी किंवा तरुण पहाटे कावेरीच्या काठाने धावतो आहे. त्याने दूरच्या एखाद्या शर्यतीला जायचे ठरवले, तर त्याचे गाव त्याला काय देते आणि काय देत नाही?

कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये, त्रिभुज प्रदेशात वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम २५ मीटर. भोवती सपाट भातखाचरे. हवा उष्ण आणि दमट. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड राखणे कठीण जाते. परंतु अशा हवेत रोज धावणाऱ्याचे शरीर हळूहळू तयार होते. घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते, रक्तातील द्रवभाग वाढतो. थंड प्रदेशातील धावपटूला हा बदल घडवण्यासाठी दहा ते चौदा दिवस उन्हात सराव करावा लागतो. कुंभकोणमच्या धावपटूला तो घरबसल्या मिळतो. गावाने त्याला दिलेली ही शिदोरी.

गाव देत नाही ती गोष्ट म्हणजे चढ. समजा, त्याने साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये भाग घेतला. साताऱ्यात शर्यतीचा रस्ता यवतेश्वराच्या घाटाने वर चढतो आणि त्याच वाटेने खाली येतो. चढताना पोटऱ्या आणि श्वास यांची परीक्षा होते हे कोणालाही पटेल. पण नवख्याला अधिक दुखापत होते ती उतरताना. उताराला मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि सवय नसेल तर त्यांना सूक्ष्म इजा होते. सपाट गावातल्या माणसाने पुलाचे चढउतार, इमारतींचे जिने, जवळपासची एखादी टेकडी यांवर काही महिने सराव केला, तरच त्याला घाट झेपेल.

आणखी दूर, लडाखमधील लेह येथेही मॅरेथॉन भरते. तिच्याच जोडीने खारदुंग गावापासून खारदुंग ला ही खिंड ओलांडून लेहपर्यंत ७२ किलोमीटरची शर्यत होते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. कुंभकोणमचा धावपटू विमानाने उतरून दुसऱ्याच दिवशी धावू लागला, तर डोकेदुखी, मळमळ, धाप यांनी तो हैराण होईल; क्वचित फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून प्राणही धोक्यात येतील. म्हणून पहिले दोन-तीन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू सराव, असा क्रम ठेवावा लागतो. काही आठवड्यांत शरीर तांबड्या रक्तपेशी वाढवते आणि मग उंची सोसते.

उंचीचा हा परिणाम १९६८ साली साऱ्या जगाने पाहिला. त्या वर्षीचे ऑलिंपिक २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको सिटी येथे झाले. दहा हजार मीटरची शर्यत केनियाच्या नाफ्ताली तेमू यांनी, तर मॅरेथॉन इथिओपियाच्या मामो वोल्डे यांनी जिंकली. दोघेही पठारी प्रदेशांत वाढलेले होते. तेव्हापासून जगभरचे धावपटू सरावासाठी मुद्दाम उंच ठिकाणी जाऊ लागले.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे हे याचे आपल्याकडील उदाहरण. ते सैन्यात दाखल झाले आणि सियाचीनची थंडी व राजस्थानचे ऊन या दोन्हींत त्यांनी सेवा केली. पुढे धावपटू म्हणून त्यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, सुमारे १,८०० मीटर उंचीवर सराव केला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक केवळ पाच शतांश सेकंदांनी हुकले. आष्टीच्या दुष्काळी पठारापासून त्या पदकापर्यंतच्या वाटेत प्रवास हाच सरावाचा भाग झाला होता.

घड्याळ आणि झोप

परदेशी जाताना आणखी एक अडचण येते, ती वेळेची. आपल्या शरीरात झोप, भूक, तापमान यांचे एक घड्याळ चालते. विमान काही तासांत अर्धी पृथ्वी ओलांडते. हे घड्याळ मात्र साधारणपणे दिवसाला एक तास इतक्याच गतीने नव्या ठिकाणाशी जुळते. भारताच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या वेळेत साडेतीन तासांचे अंतर आहे. तेथे तीन-चार दिवस आधी पोहोचले तरी भागते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी मात्र उन्हाळ्यात साडेबारा तासांचे अंतर पडते. आपली मध्यरात्र हा तेथील भर दिवस असतो.

याच पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत होते. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत आणि मैदाने. एकट्या स्पर्धकाला ती साधारण १२ दिवसांत संपवावी लागते. टप्पे नसतात, घड्याळ थांबत नाही. स्पर्धक दिवसाकाठी जेमतेम एक-दोन तास झोपतो. २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी दोघांच्या गटात ही शर्यत पूर्ण केली. २०१७ साली सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. एकट्याने हे साधणारे ते पहिले भारतीय. डॉ. समर्थ यांनी २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सायबेरियातील शर्यतही टप्प्याटप्प्याने पूर्ण केली.

'एकट्याने' हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. सायकल एकटाच चालवतो. पण त्याच्या मागे गाड्या असतात. त्यांत चालक, रस्ता दाखवणारा, सायकल दुरुस्त करणारा, अन्नपाणी पाहणारा, प्रकृतीवर लक्ष ठेवणारा असे अनेकजण असतात. थकलेल्या माणसाची विचारशक्तीही थकते. केव्हा खायचे, केव्हा झोपायचे हे त्याला कळेनासे होते. तेव्हा हे निर्णय त्याच्या वतीने इतर घेतात. आपला निर्णय विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देणे, हेही सहनशक्तीचेच एक अंग आहे.

पाठमोरा इशारा

आता आपल्या कुंभकोणमच्या धावपटूला आणखी एका दूरच्या वाटेवर पाठवू. दक्षिण आफ्रिकेत डरबन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांच्या दरम्यान 'कॉम्रेड्स' ही शर्यत होते. डरबन हे नाव तमिळनाडूला परके नाही. १८६० साली मद्रास बंदरातून करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज याच बंदरात गेले होते. आणि पीटरमारित्झबर्गच्या रेल्वे स्थानकावर १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवण्यात आले होते.

पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ विक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने १९२१ साली ही शर्यत सुरू केली. त्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जणांनी ती पूर्ण केली. आज हजारो धावतात. त्यांत भारतातून जाणारेही असतात. अंतर सुमारे ९० किलोमीटर. बहुधा एका वर्षी डरबनकडून वर चढत जायचे, तर पुढच्या वर्षी उलट उतरत यायचे. १९७५ पर्यंत मात्र कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना या शर्यतीत अधिकृत प्रवेश नव्हता. सोबत्यांच्या नावाने चालणाऱ्या शर्यतीला सर्वांना सोबती मानायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

या शर्यतीची मर्यादा बारा तासांची आहे. बारा तास पूर्ण होताना एक अधिकारी अंतिम रेषेवर, येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. कोण एका पावलाने मागे राहिले हे त्याला दिसू नये, म्हणून ही प्रथा. त्यानंतर येणाऱ्याला पदक मिळत नाही, मग तो नव्वद किलोमीटर धावून आलेला का असेना. नियम कठोर आहे, पण सर्वांना सारखा आहे. विशेष असे, की या शर्यतीत प्रेक्षकांची सर्वाधिक गर्दी आणि सर्वाधिक जयघोष विजेत्यापेक्षा या शेवटच्या काही मिनिटांत येणाऱ्यांसाठी असतो.

निघण्यापूर्वी

अशा शर्यतींना जाण्यासाठी पैसा लागतो. प्रवेशशुल्क, प्रवास, राहणे, पारपत्र आणि व्हिसा यांचा खर्च सामान्य कुटुंबाला सहज परवडत नाही. कुंभकोणममध्ये विमानतळही नाही. तिरुचिरापल्ली किंवा चेन्नई गाठावी लागते. १९२० साली दोराबजी टाटा मिळाले म्हणून बेळगावचा धावपटू अँटवर्पला पोहोचला. किती धावपटू कोणी न मिळाल्यामुळे पहिल्या अंतरातच थांबले असतील, याची नोंद कोठेच नाही. म्हणून गुण असूनही जो निघू शकला नाही, त्याला हरलेला म्हणणे योग्य नव्हे.

उलट, ज्याला निघता येते त्याच्यावर काही जबाबदारी असते. त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे अंतर झेपेल इतका सराव मी काही महिने केला आहे काय? तेथील हवा, उंची आणि रस्ता यांची माझ्या शरीराला ओळख आहे काय? छातीत दुखू लागले, भोवळ आली, तर मी थांबेन काय? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. इतका खर्च करून, इतके दूर येऊन थांबायचे, हे मनाला पटत नाही. पण शर्यत पुन्हा भरते. पुढच्या वर्षी पुन्हा येता यावे, यासाठी यंदा वेळेवर थांबणारा माणूस भित्रा नसतो. त्याने दोन्ही अंतरांचा हिशेब नीट मांडलेला असतो. आणि घरी परतण्याचे तिसरे अंतरही त्याच्या ध्यानात असते.

पाठावर आधारित प्रश्न

१. सहनशक्तीच्या शर्यतीत स्पर्धकाला कोणती दोन अंतरे पार करावी लागतात?

२. 'एकोणिसावा क्रमांक' या घटनेकडे लेखक कोणत्या दृष्टीने पाहतो? तुमच्या शब्दांत लिहा.

३. कुंभकोणमची हवा व भूरचना धावपटूला कोठे उपयोगी पडते आणि कोठे अपुरी पडते?

४. तुमच्या गावातून लेह येथे शर्यतीसाठी जायचे झाल्यास कोणती तयारी करावी लागेल? आठ-दहा वाक्यांत लिहा.